जिन्यातला फोटो

हसुरामकाका सकाळी चूळ भरायच्या आधी भरती-ओहोटी सांगायचे. खांदा कॉलनीतल्या आमच्या चौथ्या मजल्यावरून समुद्र दिसत नाही, खाडीही दिसत नाही. दिसतात त्या समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या आणि त्यांवर बसलेली कबुतरं. तरी काका रोज पॅसेजच्या जाळीशी येऊन उभे राहायचे, पाय फाकवून, फरशी केव्हाही डुलेल अशा तयारीत. मग कोणी ऐको न ऐको, मोठ्यानं म्हणायचे, "पानी चडतंय. धा वाजंस्तवर लाँच लागंल." नाहीतर, "आज सुकी हाय. मोऱ्याला चिखोल वर आयला असंल. पासिंजर बसला बोंबलत." एकदा त्यांना पकडायचं म्हणून मी मोबाइलवर उरणच्या भरतीची वेळ काढली. काकांचा अंदाज दहा मिनिटांनी चुकला होता. तसं सांगितल्यावर म्हणाले, "त्या मोबाइलला इचार, तो कदी मोऱ्याला आयलेला काय?"

मोरा म्हणजे उरणचा धक्का. तिथून मुंबईला लाँच सुटतात. काकांची सगळी उमर त्या लाँचवर गेली. आधी दोर फेकणारा खलाशी म्हणून, मग सुकाणू धरणारा सारंग म्हणून. काकी वारल्यावर मुलानं, काशिनाथनं, त्यांना आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये आणलं. काशिनाथ उरणजवळ द्रोणागिरीला एका गोदामात सुपरवायझर आहे. मुलांच्या शाळेसाठी त्यानं इकडे घर घेतलं होतं. काका आले ते एक पत्र्याची पेटी आणि एक कुत्रा घेऊन. अंगात बनियन, खाली अर्धी विजार, खांद्यावर टॉवेल. खाऱ्या वाऱ्यानं कातडी अशी झालेली की वयाचा नेमका अंदाज येऊ नये. कुठल्याही प्रसंगाला त्यांच्याकडे लाँचवरचं एक वाक्य तयार असे. रेश्मानं, म्हणजे सुनेनं, वाफ जायच्या आत कुकर उघडायला घेतला की म्हणायचे, "लाँच धक्क्याला टेकल्याबिगर उडी मारू नये." पेन्सिल पुसली जाऊ नये म्हणून चित्रावर मारलेला फवारा सुकायच्या आत मी ते गुंडाळायला घेतलं की मलाही तेच ऐकावं लागे.

कुत्र्याचं नाव नांगऱ्या. नांगर टाकलेली लाँच जशी जागची हलत नाही, तसा तो. "बसला का बसला. भूकंप झायला तरी उटनार नाय," काका कौतुकानं सांगायचे. तांबूस रंगाचा, गावठी, छातीवर पांढरा पट्टा, पोट थोडं सुटलेलं. त्याची बसायची जागा ठरलेली होती: तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांमधला जिन्याचा चौक. तिथे सिमेंटच्या जाळीतून वारा यायचा. दूधवाला, कुरिअरवाले, धुण्याभांड्याच्या मावशी, सगळे त्याला वळसा घालून जायचे. तो कोणावर भुंकल्याचं मला आठवत नाही. हे मी आज लिहिते आहे. कागदावर मी काय मान्य केलं होतं, ते पुढे येईलच.

मी लोकांच्या पाळीव प्राण्यांची चित्रं काढते. लोक फोटो पाठवतात, मी त्यावरून पेन्सिलीनं चित्र करून देते. बहुतेक वेळा प्राणी गेलेला असतो आणि मागे उरलेल्या फोटोंतून एक निवडायचा असतो. एकदा रेश्मानं पाठवलेल्या कोलंबीच्या कालवणाचं भांडं परत न्यायला काका आले आणि टेबलावरचं अर्धवट मांजर बघून दारातच थांबले.

"यो काय हाय गो बाय?"

मी सांगितलं. शेजारचा फोटोही दाखवला.

"फोटो हाय, मंग चित्र कशाला?"

"काका, फोटोत सगळंच येतं. मागचा फ्रिज, चपला, कॅलेंडर. चित्रात आपल्याला हवं तेवढंच ठेवता येतं."

त्यांनी जरा विचार केला. "म्हंजे तू निवडतंस."

"हो."

"मंग जबाबदारीचा काम हाय," असं म्हणून ते स्टुलावर बसले, आणि त्या दिवसापासून ते स्टूल त्यांचं झालं.

चांगला फोटो कसा ओळखायचा, ते मी त्यांना शिकवलं. खिडकीच्या उजेडातला हवा, फ्लॅशचा नको. कॅमेरा प्राण्याच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा. उभ्यानं, वरून काढला की डोकं मोठं आणि पाय बारके येतात. केसांचा कल दिसला पाहिजे. आणि डोळे. डोळे स्वच्छ नसतील तर बाकी सगळं फुकट. काकांनी हे शाळेतल्या पाढ्यासारखं पाठ केलं. पण थोड्याच दिवसांत मला कळलं की शिकवणारी मी नव्हते.

खारघरच्या एका गृहस्थांनी त्यांच्या लॅब्रॅडॉरचे चाळीसेक फोटो पाठवले होते. मी त्यांतला सर्वांत स्पष्ट निवडला. काकांनी मान हलवली. "यो नको. या फोटूत तो बिस्कुटाकडं बगतोय." मग दुसऱ्याच एका, जरा कमी स्पष्ट फोटोवर बोट ठेवलं. "यात मानसाकडं बगतोय. चित्र कोनाला पायजे? बिस्कुटाला का मानसाला?" मी गंमत म्हणून त्या गृहस्थांना फोन केला. पहिल्या फोटोच्या वेळी त्यांच्या बायकोनं खरंच मोबाइलच्या वर बिस्किट धरलं होतं. दुसऱ्याचं विचारल्यावर म्हणाले, "तो मी ऑपरेशन होऊन घरी आलो, त्या दिवशीचा आहे."

त्यानंतर मी काकांना दाखवल्याशिवाय फोटो निवडला नाही. ते स्क्रीनवर वाकून एकेक डोळा बघायचे आणि सांगायचे: हा भुकेला आहे, ही घाबरलेली आहे, याला आपला फोटो काढतायत हे कळलंय. एका पांढऱ्या मांजरीचा फोटो त्यांनी सरळ बाजूला सारला. "फोटो काडला तवा घरात कोनतरी वरडत व्हता." जन्मभर धक्क्यावर माणसांची आणि जनावरांची गर्दी बघितलेला माणूस, त्याला नजर वाचता येत होती. गिऱ्हाइकं मला लिहायची, ‘तुम्ही अगदी नेमका फोटो निवडता.’ मी उत्तर द्यायची, ‘अनुभवानं जमतं.’ काकांचं नाव मी कधी कोणाला सांगितलं नाही. ही माझी पहिली लाज. लहान आहे, म्हणून आधी सांगून टाकली.

दुसरीची सुरुवात टोमॅटोंनी झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या एक बाई वर गच्चीत टोमॅटो कापून वाळत घालायला चालल्या होत्या, चौकात नांगऱ्याला अडखळल्या. पडल्या नाहीत, पण हातातल्या पिशवीतले टोमॅटो दोन मजले गडगडत गेले. तेवढ्यावरून इमारतीत बोलणं सुरू झालं. आठवडाभरानं सोसायटीचे सेक्रेटरी माझ्याकडे आले. मुलांचा चित्रकलेचा वर्ग घ्यायला रविवारी सोसायटीचा हॉल मिळावा, म्हणून मी कितीतरी महिने त्यांच्या मागे होते.

"हॉलचं मी कमिटीत घेतो, मॅडम," ते म्हणाले. "तेवढं एक तुमच्याकडून पाहिजे. समोरच्यांच्या कुत्र्याचा अर्ज केलाय. कायद्यानं आपल्याला कुत्रं ठेवू नका म्हणता येत नाही. पण सह्या आणि फोटो असला की लोक आपणहून समजतात. तुमच्या मजल्यावरची एकही सही नाही अजून. आणि फोटोचं म्हणाल, तर आमच्या मोबाइलमध्ये ते नुसतं गोणपाट दिसतंय. तुम्ही आर्टिस्ट."

मी अर्ज वाचला. ‘सदर कुत्रा रहिवाशांच्या अंगावर येतो व जिन्यात कायम अडथळा करतो.’

"अंगावर येत नाही हो तो."

"ते तसं लिहावं लागतं."

मी सही केली. कोणी माझा हात धरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास काका रेश्माबरोबर बँकेत गेले होते. मी मोबाइल घेऊन अर्धा जिना उतरले. जाळीतून तिरपा, मऊ उजेड चौकात आला होता. नांगऱ्या नेहमीच्या जागी पुढचे पाय पसरून बसला होता. पुराव्याचाच फोटो काढायचा, तर उभ्यानंही काढता आला असता. पण हाताला सवय. मी एक पायरी खाली उतरून गुडघ्यांवर बसले, कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणला. त्यानं मला ओळखलं. शेपटी दोनदा फरशीवर आपटली, कान उभे केले आणि सरळ माझ्याकडे बघितलं. मी एकच फोटो काढला. इतका चांगला फोटो आजवर मला एकाही गिऱ्हाइकानं पाठवलेला नाही. पाठवायचं बटण दाबताना मला त्याच्या उजेडाचं कौतुक वाटलं होतं, हेही सांगितलं पाहिजे.

तो फोटो काळ्यापांढऱ्या प्रिंटमध्ये तळमजल्याच्या बोर्डावर लागला. खाली लिहिलं होतं, ‘जिन्यातील अडथळा’. अर्ज काशिनाथच्या हातात दिला गेला. काशिनाथ भांडणारा माणूस नाही. नांगऱ्याला ठेवून घे म्हणून त्यानं मोऱ्याला चुलतभावाला फोन केला आणि रविवारी गोदामाचा टेम्पो घेऊन आला. नांगऱ्या उठेना. गळ्यातला पट्टा ओढला, भाकरी दाखवली, नातवंडांनी हाका मारल्या. शेवटी काकांनीच त्याला लहान मुलासारखं दोन्ही हातांवर घेतलं आणि साडेतीन मजले एकेक पायरी करत खाली नेलं. मी हे दाराच्या भिंगातून बघत होते. बाहेर आले नाही.

संध्याकाळी काका माझ्याकडे आले आणि स्टुलावर बसले. टेबलावरच्या पेन्सिली एकेक करून सरळ लावत राहिले. मला ते बघवेना. मी म्हटलं, "काय लोक असतात ना, काका! मुक्या जनावरानं काय घोडं मारलं होतं त्यांचं?"

माझ्या तोंडून हे वाक्य गेलं तेव्हा काशिनाथ काकांना चहाला बोलवायला दारात येऊन उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घेतली. काका म्हणाले, "लोकांचा काय गो. ज्याच्या त्याच्या घरात ज्याचा त्याचा तरास." आणि माझीच समजूत घालावी तसं त्यांनी माझ्या हातावर थोपटलं.

पुढच्या रविवारी मला हॉल मिळाला.

काका दर आठवड्याला एकदा बसनं उरणला आणि तिथून मोऱ्याला जायचे. सोबत फडक्यात बांधलेली तांदळाची भाकरी असे. परत आले की सांगायचे: पुतण्याच्या अंगणात बसत नाही, रस्त्याच्या कडेला जाऊन बसतो, बारीक झालाय, मला बघितलं की उठतो आता, आधी कधी उठायचा नाही. पावसाळा सरता सरता एका दुपारी पुतण्याचा फोन आला. द्रोणागिरीच्या रस्त्यावर नांगऱ्या कंटेनरच्या ट्रेलरखाली सापडला होता. मोऱ्यापासून बराच लांब. मी तेव्हा त्यांच्याच घरी होते. काकांनी फोनवर एकच प्रश्न विचारला, "त्याचा तोंड कंच्या बाजूला व्हता?"

पलीकडून पुतण्या काय म्हणाला ते मला ऐकू आलं, इतक्या मोठ्यानं तो बोलत होता. "ते कोन बगतं, काका?"

काकांनी फोन रेश्माच्या हातात दिला आणि पॅसेजमध्ये जाऊन उभे राहिले.

पंधराएक दिवसांनी ते माझ्या दारात आले. नेहमीसारखे आत आले नाहीत. इस्त्रीचा सदरा घातला होता, केसांना तेल लावलं होतं.

"बाय, आज गिऱ्हाईक म्हनून आयलोय. नांगऱ्याचा चित्र कर."

प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी तीन फोटो काढून टेबलावर ओळीनं मांडले. पहिला काशिनाथच्या धाकट्या मुलाच्या बारशाचा. त्यात खुर्चीखाली नांगऱ्याचा अर्धा चेहरा आणि कोणाची तरी चप्पल. दुसरा रेश्माच्या मोबाइलवरून छापून आणलेला. त्यात तो धक्क्यावर पळतोय, म्हणजे एक तांबूस फराटा. तिसरा भर दुपारचा, ऊन पाठीमागून. तोंडाच्या जागी नुसता काळोख. मी काही बोलायच्या आत काकाच बोलायला लागले, माझ्याच शब्दांत, माझ्याच क्रमानं.

"यात उजेड नाय. यात केसांचा कल दिसत नाय. यात डोले नायत. मना ठाव हाय गो, एक पन चांगला नाय." मग ओशाळून म्हणाले, "मी कदी काडलाच नाय त्याचा फोटो. समोरच व्हता ना."

वाईट फोटो आणल्याबद्दल ते माझी क्षमा मागत होते. आणि माझा मोबाइल त्या तीन फोटोंच्या शेजारीच पालथा पडला होता. त्यात उजेड होता, केसांचा कल होता, डोळे होते.

तेव्हा सांगता आलं असतं. मोबाइल उलटा करून नुसता पुढे ठेवला असता तरी झालं असतं. मी म्हटलं, "बघते काका. तिन्हींतून थोडं थोडं घेऊन काहीतरी जमवते."

"जमंल?"

"जमेल."

चित्राला नऊ दिवस लागले. मी जिन्याचा फोटो समोर ठेवून काढलं. जाळी वगळली, पायरी वगळली, नुसता नांगऱ्या ठेवला. डोळे करायची वेळ आली तेव्हा फोटो मोठा करून बघितला, नेहमीसारखा. प्राण्याच्या डोळ्यात उजेडाचा एक ठिपका असतो. तो बरोबर जागी पडला की चित्र जिवंत होतं. नांगऱ्याच्या डोळ्यात जाळीच्या उजेडाचे बारीक चौकोन होते, आणि त्यांच्या मधोमध एक काळी आकृती. गुडघ्यांवर बसलेली, दोन्ही हात तोंडापुढे धरलेली. मी ती ओळखली. चित्रात मी चौकोन काढले, आकृती काढली नाही. मला हवं तेवढंच ठेवता येतं, असं मीच त्यांना सांगितलं होतं.

काका चित्र न्यायला आले ते हात स्वच्छ धुऊन. चष्मा लावला, कागद खिडकीच्या उजेडात धरला. कितीतरी वेळ बघत राहिले.

"योच," म्हणाले. "यो माजा नांगऱ्याच." टॉवेलनं डोळे पुसले, पुन्हा चष्मा लावला. मला सुटल्यासारखं झालं. क्षणभर असंही वाटलं की यात वाईट काय झालं, त्यांना त्यांचा कुत्रा मिळाला.

पण ते अजून बघतच होते. गिऱ्हाइकांचे फोटो बघायचे तसे.

"पन माज्याकडं नाय बगत यो."

"म्हणजे?"

"मी समोर असलो का त्याचं कान मागं जातात. हितं उबे हायेत. वलखीचा मानूस आयलाय, काय आनलाय बगू, असा बगतोय." मग त्यांचं बोट कागदाला न टेकता चित्राच्या डाव्या कानापाशी थांबलं. "यो घाव."

कानाच्या कडेला एक फाटलेली खाच होती. मी ती जशी दिसली तशी काढली होती.

"यो तर हितं झायला," काका सावकाश म्हणाले. "पार्किंगमदी बोक्यानं फाडला. हलद तूच आनून दिली व्हतीस. मी दिलेले फोटू सगले मोऱ्याचे. त्यांत कान अख्खा हाय."

डोक्यावर पंखा फिरत होता. ‘आठवणीनं काढला, काका’ हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. खोटं कशाला सांगू, आलंच होतं. पण त्यांनी चित्रावरून नजर काढून माझ्याकडे बघितलं. ज्या नजरेनं ते इतके महिने कुत्र्यामांजरांचे डोळे बघत आले होते, तीच नजर. ते वाक्य तिथेच राहिलं.

"जिन्यातला फोटो," काका म्हणाले. "बोर्डावरचा. तो तू काडलास?"

"हो."

"सही?"

"हो काका. सहीपण."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला उत्तर देता आलं असतं, हॉलचं सांगता आलं असतं, रडता आलं असतं. ते चित्राकडे बघत म्हणाले, "खाली बसून काडलास ना?"

मी मान हलवली.

"त्याच्यासाटी कोनी खाली बसत नाय गो. मी बसायचो, पोरं बसायची. तू बसलीस. त्याला वाटला असंल, आपल्याशी बोलाया आयली."

मी म्हटलं, "काका, हे नका नेऊ. मी दुसरं काढते."

"दुसरा कशाला? चित्रात खोट नाय." त्यांनी कागद गुंडाळला, सदऱ्याच्या आत छातीशी धरला. दाराशी थांबून खिशातून वर्तमानपत्राची एक पुडी काढली आणि चपलांच्या कपाटावर ठेवली. सुके बोंबील होते. गिऱ्हाईक म्हणून आले होते, तसेच गेले.

त्यानंतर काका माझ्याशी बोलायचे थांबले, असं झालं नाही. जिन्यात भेटले की "काय गो बाय, बरी हाय?" विचारायचे. पण स्टुलावर पुन्हा बसले नाहीत. मी सेक्रेटरींकडे जाऊन अर्जावरची सही मागे घेते म्हणाले. ते हसले. "मॅडम, कुत्रं तर गेलं. आता कशाला?" हॉलमधला वर्गही मी लगेच सोडला नाही. मुलांच्या आईवडलांना काय सांगायचं, या सबबीवर आणखी दोन महिने चालवला. दिवाळी झाल्यावर काका कायमचे मोऱ्याला गेले. काशिनाथ म्हणाला, त्यांना इकडे करमत नाही. मी भेटायला जाणार होते. बसनं असा किती वेळ लागतो? गेले नाही.

एवढं मात्र झालं, की आता फोटो आला की मी गिऱ्हाइकाला आधी विचारते: हा काढला तेव्हा समोर कोण होतं? काहींना हा प्रश्न विचित्र वाटतो. काही जण मात्र लांबलचक उत्तर लिहितात, आणि त्या उत्तरांमधून मला फोटो सापडतो.

होळीच्या आधी काका मोऱ्यालाच झोपेत गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी काशिनाथ माझ्याकडे आला. डोळे सुजलेले, हातात मोबाइल.

"मीनलताई, कॉलनीच्या गेटवर बाबांचा श्रद्धांजलीचा बॅनर लावायचाय. फोटो निवडायचं तुम्हाला कळतं. एक निवडून द्या ना."

त्यानं मोबाइल माझ्या हातात दिला. पहिल्याच फोटोत काका बनियनवर, हसत होते. मला पुढे सरकवता येईना.

"काशिनाथ," मी म्हटलं, "तुला एक सांगायचं राहिलंय. नांगऱ्याच्या अर्जावर माझी सही होती. फोटोही मीच काढला होता."

तो म्हणाला, "माहीत आहे, ताई. अर्जाला सह्यांची झेरॉक्स जोडली होती. मी पहिल्याच दिवशी वाचली."

"काकांना सांगितलं नाहीस?"

"नाही."

"का?"

"इथे त्यांना जाऊन बसायला तुमचं एकच घर होतं," काशिनाथ म्हणाला. "तेही गेलं असतं."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. टेम्पो गेला त्या संध्याकाळी माझ्या दारात उभं राहून ते वाक्य ऐकताना त्याला सगळं माहीत होतं, आणि तरी तो काही न बोलता वडिलांना चहाला घेऊन गेला होता. त्यानंतरही रोज त्यांना माझ्याकडे येऊ देत होता.

"निवडा ना, ताई," तो म्हणाला. "बॅनरवाला थांबलाय."

मी सगळे फोटो बघितले. एकावर बोट ठेवलं. त्यात काका सरळ समोरच्या माणसाकडे बघत होते. तोच का, हे त्यानं विचारलं नाही. "बरा आहे," म्हणाला, आणि गेला.

संध्याकाळपर्यंत बॅनर गेटवर लागला. तेरावं होऊन तो उतरेपर्यंत मी मागच्या फाटकातून ये-जा केली.